लॅपटॉप कधी सुरू होतो, कधी नाही : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या प्रश्नांमध्ये एकाच दुखण्याची वेगवेगळी रूपे आहेत. लॅपटॉपला स्वतःची डिस्क कधी सापडते, कधी सापडत नाही. सगळ्यांना लागू पडणारी सूचना आधी सांगतो : असा लॅपटॉप पुन्हा सुरू झाला की त्याच बैठकीत महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. बिघाड अधूनमधून होतो आहे तोवरच ही संधी आहे. कारण शोधणे, दुकानात जाणे, नवी डिस्क घेणे हे सगळे त्यानंतर.

प्रश्न : लॅपटॉप सहा वर्षांचा आहे, आत १ टीबीची हार्ड डिस्क. महिनाभरापासून सकाळी बटण दाबले की काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असे येते. दोन-तीनदा बंद-चालू केले की विंडोज सुरू होते आणि मग दिवसभर तक्रार नसते. स्टेशनजवळच्या दुकानात फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकून घेतले. पंधरा दिवस बरे गेले, आता पुन्हा तेच. रोज डोंबिवली ते सीएसएमटी लोकलने ये-जा करतो, लॅपटॉप सॅकमध्ये असतो. काय करावे?
— वाचक, डोंबिवली

उत्तर : फॉरमॅटने हे दुखणे जाणार नव्हतेच. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ हा संदेश बायोस (बटण दाबताच सर्वात आधी चालणारे, मदरबोर्डवरचे सॉफ्टवेअर) देते, विंडोजची पाळी यायच्या आधी. विंडोज बिघडलेले असते तर ते दर वेळी बिघडलेलेच दिसले असते, तिसऱ्या वेळी बटण दाबल्यावर आपोआप दुरुस्त झाले नसते. कधी होते, कधी होत नाही असे असेल तर संशय आधी डिस्क, तिचा कनेक्टर, केबल आणि वीजपुरवठा यांच्यावर घ्यायचा. थकलेल्या डिस्कवर विंडोज नव्याने टाकायचे म्हणजे तिच्यावर १५-२० जीबी लिहायचे. तिला ती विनाकारण दगदग झाली.

खरी तपासणी बिघाड झालेला असतानाच करायची असते. संदेश आला की घाईने पाच-सहा वेळा बटण दाबू नका. एकदा बंद करा, चालू करताना बायोसची कळ दाबत राहा. डेल, एसर, असूसच्या बहुतेक मॉडेलांत एफ२, एचपीत आधी एस्केप आणि मग एफ१०, लेनोवोत एफ२ किंवा थिंकपॅड असेल तर एफ१. आत माहितीच्या किंवा स्टोरेजच्या पानावर डिस्कचे मॉडेल-नाव दिसते का ते पाहा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुकानदाराशी बोलताना या फोटोचा फार उपयोग होतो.

नाव दिसत नसेल तर मदरबोर्डला डिस्कची दखलच नाही. कनेक्टर सैल आहे, केबल गेली आहे किंवा डिस्कच उठत नाही. नाव दिसत असेल, तरी संदेश येत असेल, तर बूटचा क्रम (कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे तो क्रम) किंवा डिस्कवरच्या बूट फायली पाहायच्या. नाव कधी येते, कधी येत नाही, किंवा बायोसचे पान उघडायलाच खूप वेळ लागतो, असे असेल तर डिस्क धडपडते आहे असे समजा.

आता दुसरी खूण. संदेश पडद्यावर असताना लॅपटॉप बंद न करता कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबा. अशा रीस्टार्टने लगेच सुरू होत असेल तर कारण बहुधा असे : हार्ड डिस्कच्या तबकड्या थंड अवस्थेतून पूर्ण वेगाला यायला काही सेकंद लागतात. मोटर किंवा बेअरिंग थकले की हा वेळ वाढतो, आणि बायोस ठरावीक वेळच वाट पाहते. रीस्टार्टमध्ये वीज तुटत नाही, तबकड्या फिरतच असतात, म्हणून डिस्क लगेच सापडते. तुमची तक्रार सकाळची, म्हणजे रात्रभर बंद राहिल्यानंतरची आहे. त्यामुळे आमचा पहिला संशय यावरच आहे. अडीच इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना ५ व्होल्टवर साधारण १ अँपिअरपर्यंत वीज लागते. म्हणून एक दिवस फक्त चार्जरवर आणि एक दिवस फक्त बॅटरीवर चालू करून पाहा. एकावरच अडत असेल तर चूक डिस्कची नसण्याची शक्यता आहे.

उलट, लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचलल्यावर किंवा तळहाताखालचा भाग दाबल्यावर फरक पडत असेल तर कनेक्टर किंवा रिबन केबल पाहायला हवी. बऱ्याच मॉडेलांत ही पातळ पट्टी नेमकी तळहाताच्या जागेखालून जाते, आणि एका हाताने लॅपटॉप उचलला की प्लॅस्टिकची चौकट वाकून तिला ताण बसतो.

विंडोज सुरू असताना क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवा. ते आकडे आधी सोळा-अंकी पद्धतीत दाखवते, त्यामुळे गैरसमज होतात. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, आणि तिथे १० डीईसी निवडा. मग पाच ओळी पाहा. ०५ म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). सी५ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत पडलेले सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. या तिन्हींत शून्य हवे. सी५ मध्ये काही आकडा असेल आणि आठवड्यात वाढला, तर डिस्क बदलायची, तिथे आम्ही दुसरा सल्ला देत नाही. चौथी ओळ सी७, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डमधल्या देवाणघेवाणीतल्या चुका. बाकी तीन शून्य आणि फक्त सी७ वाढतो असे असेल तर दोष बहुतेक वेळा केबलचा किंवा कनेक्टरचा असतो. हा आकडा एकदा वाढला की कमी होत नाही, त्यामुळे जुना आकडा पाहून घाबरू नका. आजचा लिहून ठेवा, कनेक्टर काढून पुन्हा बसवा आणि आठवड्याने ताडून पाहा. पाचवी ओळ ‘०ए’, म्हणजे स्पिन रीट्राय काउंट : तबकड्या फिरवायला पुन्हा किती वेळा प्रयत्न करावा लागला तो आकडा. ती शून्याहून जास्त असेल तर मोटरवरचा संशय पक्का.

सोबत विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदी उघडा. डिस्कच्या नावापुढे ७, ११, ५१ किंवा १५३ हे क्रमांक, किंवा डिस्क कंट्रोलरच्या नावाने १२९, वारंवार दिसत असतील तर लॅपटॉप सुरू झाल्यानंतरही डिस्क अडखळते आहे, तुम्हाला ते फक्त जाणवत नाही. आणि फायली उतरवून होईपर्यंत चेकडिस्कची ‘आर’ लावलेली पूर्ण तपासणी चालवू नका. ती डिस्कचा कानाकोपरा वाचत बसते, आणि मरणपंथाला लागलेली डिस्क अनेकदा याच तपासणीत जाते.

उघडायचे असेल तर चार्जर काढा, आतल्या बॅटरीचा कनेक्टर सर्वात आधी सोडवा, मग पॉवरचे बटण १५-२० सेकंद दाबून धरा. टचपॅड वर आलेले किंवा तळाची पाठ फुगलेली दिसली तर तिथेच थांबा. फुगलेली बॅटरी आधी बदलायची, तिचा दाब डिस्कच्या कनेक्टरवरही येतो. रिबन केबलच्या टोकाला बारीक खटका असतो. तो नखाने वर उचलल्याशिवाय पट्टी ओढू नका. सोनेरी पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि दहा मिनिटे वाळू द्या. दुकानांत खोडरबर घासायची पद्धत सर्रास आहे. त्याने पट्टी चकचकीत होते खरी, पण सोन्याचा थर फार पातळ असतो आणि घासून तो जातो, शिवाय रबराचा चुरा खाचेत राहतो. आपल्या दमट हवेत उघडा पडलेला धातू पुन्हा काळवंडायला वेळ लागत नाही.

डिस्क काढलीच आहे तर ती यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत) घालून दुसऱ्या संगणकाला लावा आणि दोन-तीन तास मोठ्या फायली वाचा. तिथे विनातक्रार चालली तर लॅपटॉपची केबल बदलून पाहा. तिथेही अडली तर नवी एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली डिस्क, घ्या. केसिंगसाठी अडीच इंची, आणि ७ मिमी की ९.५ मिमी जाडीची, ते आधी मोजा.

आता लोकल. तबकड्या फिरत असताना बसलेला धक्का हार्ड डिस्कला सर्वात वाईट. झाकण मिटून स्लीपवर ठेवलेला लॅपटॉप सॅकमध्ये आपोआप जागा होऊ शकतो. मग तो तापतो आणि त्यातच डब्यातली रेटारेटी. निघण्यापूर्वी शट डाउन करा, सॅक रॅकवर टाकू नका. पावसाळ्यात थंडगार एसीतून थेट दमट घरात आणलेला लॅपटॉप लगेच चालू करू नका. अर्धा तास सॅकमध्येच राहू द्या, म्हणजे तो हळूहळू घरच्या तापमानाला येईल आणि त्यावर दव धरणार नाही.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे, हार्ड डिस्क नाही. सकाळी छान सुरू होतो. दुपारी व्हिडिओचे काम चालू असताना निळा पडदा येतो, रीस्टार्टनंतर डिस्क सापडत नाही. दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवला की पुन्हा सुरू. फिरणारा भागच नाही तर असे का?
— वाचक, विक्रोळी

उत्तर : तुमची तक्रार वरच्या प्रश्नाच्या नेमकी उलट आहे. तिथे थंड असताना अडते, इथे तापल्यावर. एसएसडीवरचा कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार पाहणारी चिप, चांगलाच तापतो. घरगुती वापराच्या बहुतेक एनव्हीएमई एसएसडींना ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालवण्याची परवानगी असते. त्या आसपास त्या स्वतःहून वेग कमी करतात, आणि कंट्रोलर किंवा त्याचे टाके कमजोर असतील तर यादीतूनच गायब होतात. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडे ठेवून काम करा आणि पडदा निळा होण्याआधी तापमान कितीवर होते ते टिपा. त्यातच पर्सेंटेज यूज्ड आणि मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स या दोन ओळी पाहा. दुसरीत शून्य हवे.

मग पाठ उघडा. एम.२ प्रकारची पट्टी खाचेत तिरकी बसते आणि टोकाच्या एका बारीक स्क्रूने खाली दाबली जाते. आधीच्या दुरुस्तीत हा स्क्रू हरवलेला असणे अगदी नेहमीचे. मग ती किंचित वर राहते, तापून पट्टी आणि खाच पसरली की संपर्क सुटतो. पूर्ण काढा, पुसा, पुन्हा बसवा, स्क्रू लावा. मूळ थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) गायब असेल तर त्याच जाडीचा नवा लावा. जास्त जाड लावला तर पाठ बंद करताना पट्टी वाकते. पंख्यात साचलेली धूळ काढा. एसएसडीच्या कंपनीचे साधन उतरवून फर्मवेअर (एसएसडीच्या आतले सॉफ्टवेअर) ताजे करा, पण फायली उतरवल्यानंतरच. एवढे करूनही ६० अंशांच्या खालीच गायब होत असेल तर एसएसडी वॉरंटीत द्या.

अचानक वीज तुटल्यानंतर एसएसडी सापडेनाशी झाली असेल तर एक उपाय फुकटातला आहे. बायोसचे पान उघडून लॅपटॉप चार्जरवर २०-३० मिनिटे तसाच ठेवा. काही एसएसडींना आपल्या आतल्या नोंदी पुन्हा जुळवायला असा निवांत वेळ लागतो. नंतर बंद करून पुन्हा चालू करा.

प्रश्न : कधी कधी चालू केल्यावर तारीख काही वर्षे मागे गेलेली असते आणि त्याच दिवशी विंडोजऐवजी ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येते. बायोसमध्ये जाऊन आमच्या ओळखीच्याने काहीतरी बदलले तर सुरू झाला, पण नंतर ४८ आकडी बिटलॉकर की मागायला लागला. ती आम्ही कधी बनवलीच नव्हती.
— वाचक, दादर

उत्तर : तारीख मागे जाते म्हणजे मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली आहे. बहुतेक वेळा ती सीआर २०३२, म्हणजे ३ व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी असते. लॅपटॉपमध्ये ती अनेकदा प्लॅस्टिकच्या आवरणात, दोन तारांच्या टोकाला पिटुकला प्लग लावलेली मिळते. सुटे नाणे डागून लावू नका, प्लगसकट घ्या. मल्टिमीटरवर २.८ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर बदला. काही नव्या लॅपटॉपमध्ये ही वेगळी बॅटरीच नसते, घड्याळ मुख्य बॅटरीवर चालते. तिथे मुख्य बॅटरी पूर्ण उतरल्यावरच असा प्रकार होतो.

ही बॅटरी गेली की अनेक लॅपटॉपमध्ये बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात. त्यात डिस्कशी बोलायची पद्धत एएचसीआयवरून रेडवर (RAID) किंवा उलट बदलली, तर बायोसला डिस्क दिसते, पण विंडोजला तिच्याशी बोलता येत नाही. तुमच्या ओळखीच्याने बहुधा तेच परत बदलले. बॅटरी बदलल्यावर चालू स्थितीतल्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा.

बिटलॉकरचे (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचे) म्हणाल तर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगइन केलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये ते आपोआप चालू होते आणि त्याची ‘की’ (किल्ली) त्या खात्यात साठते. मोबाइलवरून त्याच खात्यात जाऊन उपकरणांच्या यादीत रिकव्हरी की शोधा. पडद्यावर दिसणाऱ्या की-आयडीची पहिली अक्षरे तिथल्या आयडीशी जुळवा. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर ती तिथल्या आयटी विभागाकडे असते. की मिळाली नाही तर फायली परत मिळवायचा दुसरा मार्ग नाही, कोणीही कितीही पैसे मागून ‘काढून देतो’ म्हणाले तरी. म्हणून लॅपटॉप चालू असलेल्या प्रत्येक वाचकाने ती आजच कागदावर उतरवून ठेवावी.

प्रश्न : विंडोज नव्याने टाकताना डिस्कच दिसत नाही. दुकानदार म्हणतो एसएसडी मेली. बायोसमध्ये मात्र तिचे नाव दिसते.
— वाचक, मुलुंड

उत्तर : इतक्यात नवी घेऊ नका. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची, डिस्क सांभाळणारी सोय चालू असते, आणि तिचा ड्रायव्हर विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये अनेकदा नसतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, तो उलगडून इन्स्टॉलरच्याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि डिस्क निवडायच्या पानावर लोड ड्रायव्हर दाबून तो दाखवा. डिस्क दिसायला लागते. जुने विंडोज वापरायचे असेल तर व्हीएमडी बंद करू नका, ते सुरू होणार नाही.

प्रश्न : हार्ड डिस्क क्लोन करून एसएसडी बसवली, जुनी हार्ड डिस्क दुसऱ्या जागी ठेवली. कधी एकीवरून सुरू होतो, कधी दुसरीवरून, कधी कुठूनच नाही.
— वाचक, ठाणे

उत्तर : क्लोनमुळे, म्हणजे हुबेहूब प्रत काढल्यामुळे, दोन्ही डिस्कवर सारखीच बूट फाइल असते आणि बायोस गोंधळते. जुनी डिस्क काढून फक्त एसएसडीवर सुरू होतो का पाहा. झाला तर जुनी यूएसबी केसिंगमध्ये घालून तिच्यावरचे विभाजन पुसा आणि साठवणीला वापरा. झाला नाही तर क्लोन करताना ईएफआय विभाग, म्हणजे बूट फायलींचा सहसा १०० एमबीचा छोटा तुकडा, राहून गेला आहे. पूर्ण डिस्कचा क्लोन पुन्हा करा. पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड खोचलेले राहिले तरी अशीच लक्षणे दिसतात, आधी तेवढे काढून पाहा.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवर डिस्क घ्यायला जाणार आहे. काय पाहून घ्यावे?
— वाचक, गिरगाव

उत्तर : जाण्यापूर्वी तुमच्या लॅपटॉपमधली खाच ओळखा. दिसायला सारख्या एम.२ पट्ट्यांपैकी काही साटा असतात, काही एनव्हीएमई (मदरबोर्डशी बोलायच्या दोन वेगळ्या पद्धती), आणि एकीच्या खाचेत दुसरी चालेलच असे नाही. लांबीही पाहा. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. काही लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३० एवढीच जागा असते. जुनी पट्टी काढून सोबत न्या, सर्वात सोपे ते.

बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि दुकानातूनच कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटीची तारीख तपासा. बिल नको म्हटले तर स्वस्त देतो, असे म्हणणाऱ्याकडून डिस्क घेऊ नका. डिस्क ही वॉरंटीची वस्तू आहे. घरी आल्यावर विंडोज टाकण्याआधी केसिंगमध्ये लावून पॉवर ऑन अवर्स पाहा. नव्या डिस्कवर तो आकडा शून्याच्या जवळ असतो. शेकड्यांत असेल तर ती वापरलेली आहे, त्याच दिवशी परत करा. नंतर एचटूटेस्टडब्ल्यू या साधनाने ती पूर्ण भरून वाचून घ्या. पाकिटावरच्या आकड्याएवढी जागा खरोखर आहे का ते त्यातूनच कळते. यात काही तास जातात, रात्री लावून ठेवा.

प्रश्न : हार्ड डिस्कमधून टक-टक असा आवाज येतो आणि ती सापडत नाही. मुलाच्या लहानपणचे सगळे फोटो त्यात आहेत, दुसरी प्रत नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवली की चालते असे ऐकले.
— वाचक, बोरिवली

उत्तर : फ्रीजरमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्याबरोबर तबकड्यांवर दव धरते आणि उरलीसुरली शक्यताही जाते. हा आवाज म्हणजे वाचणारे डोके जागा शोधत पुन्हा पुन्हा परत फिरते आहे. त्याला इजा झालेली असेल तर प्रत्येक वेळी चालू करताना तबकडीवर ओरखडा पडू शकतो. ‘एकदाच पाहू’ म्हणूनही वीज देऊ नका, डिस्कचे झाकण उघडू नका, शेजारच्या दुरुस्तीवाल्यालाही उघडू देऊ नका. धूळविरहित खोली असलेल्या डेटा रिकव्हरीच्या ठिकाणी द्या. देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्या : तपासणीचा खर्च, डेटा न मिळाल्यास किती आकारणार, आणि मिळालेल्या फायलींची यादी पाहून मगच पूर्ण रक्कम देणार हे. डिस्क बबल रॅपमध्ये गुंडाळून हातात न्या.